बाई, मला काहीच दिसत नाहीये!



आज पाठ्यघटक बाजूला ठेवते आणि एका फोनबद्दल लिहिते. फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे साडेसात. चहाचं आधण ठेवलं होतं. व्हॉट्सअॅपवर कॉल आला आणि पलीकडून आवाजच नाही, नुसता बेडकांचा गलका. मग हुंदका. मग, "बाई, मी बोलतेय. तुम्ही उठला होतात ना?"

ही माझी जुनी विद्यार्थिनी. तिचं खरं नाव लिहू नका असं तिनेच सांगितलंय, म्हणून इथे चिमी म्हणते. वर्गातही आम्ही चिमीच म्हणायचो. 2013-14 साली ती माझ्याकडे चौथीत होती. डीएड होऊन मी नुकती कुठे शिक्षणसेवकाची कायम झाले होते, कोकणातली वाडीवरची दोनशिक्षकी शाळा. चिमीचे वडील कॉम्प्युटरच्या नोकरीत, आधी पुणे आणि मग अमेरिका. त्यांचं बस्तान बसेपर्यंत दोन वर्षं ती आजीकडे राहिली, तिसरी आणि चौथी आमच्या शाळेत केली आणि मग आईवडिलांकडे गेली. आता तिकडच्या विद्यापीठात जीवशास्त्र शिकतेय. दिवाळीला आणि गुरुपौर्णिमेला न चुकता मेसेज करते.

यंदा जानेवारीच्या शेवटी ती चार महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी कोस्टा रिकाला गेली. उष्ण कटिबंधातलं जंगल प्रत्यक्ष जंगलात राहून शिकायचं. फोन यायच्या आदल्या रात्री तिच्या आईचा मेसेज मला आला होता: "बाई, ती परत येते म्हणतेय. दहा दिवसच झालेत. आमचं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. फी तर भरून झालीय." फीचा आकडाही लिहिला होता. तो वाचून मी नवऱ्याला दाखवला आणि दोघंही गप्प बसलो.

कोस्टा रिका कुठे आहे हे मलाही नकाशात शोधावं लागलं, खोटं कशाला सांगू. शाळेच्या पृथ्वीगोलावर ते नाव एवढं बारीक आहे की बोटाखाली झाकून जातं. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणारी जी चिंचोळी पट्टी आहे, तिच्यातला हा देश. साधारण 51 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात असे सहा देश मावतील. लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास. 1948 साली त्यांनी स्वतःचं सैन्यच बंद करून टाकलं. आपली आणि त्यांची वेळ साडेअकरा तासांनी वेगळी, त्यामुळे माझ्या रविवारच्या सकाळी तिच्याकडे शनिवारची रात्र होती. आणि आपलं कोकण जसं विषुववृत्त आणि कर्कवृत्ताच्या मध्ये येतं, तसंच तेही येतं. आपण दोघंही उष्ण कटिबंधातले.

तिथेच तर सगळी गोची झाली होती.

"बाई, आमच्या ग्रुपमध्ये सगळे थंडीच्या राज्यांतले. बर्फातून आलेत. पहिल्या दिवशी ओळख करून देताना मी म्हटलं, मी लहानपणी उष्ण कटिबंधात राहिलेय, पावसाच्या गावात. मग सगळे मला विचारायला लागले. हे झाड कुठलं, हा आवाज कसला. आणि मला एकही सांगता येत नाही हो. एकही!"

मी म्हटलं, "अगं, दुसऱ्या देशातली झाडं तुला कशी ठाऊक असणार?"

"तसं नाही बाई. मला काहीच दिसत नाहीये. नुसतं हिरवं दिसतं. आमचे सर चालता चालता थांबतात, बोट दाखवतात, तिथे साप आहे म्हणतात. सगळे 'वॉव' करतात, फोटो काढतात. मला पान दिसतं. मागून फांदी दिसते. साप दिसतच नाही."

"मग तू काय करतेस?"

थोडा वेळ बेडूकच बोलत होते. मग म्हणाली, "मीपण दिसला म्हणते."

शिक्षक मित्रांनो, हे वाक्य ऐकून माझं आधण उतू गेलं ते गेलंच, पण पोटातही कालवलं. कारण हे "दिसला" मला ओळखीचं होतं. "समजलं का?" विचारल्यावर तीस मुलं एका सुरात "होऽऽऽ" म्हणतात, तेच ते. तो सूर तिने माझ्याच वर्गात शिकला होता. त्या वर्षी चौथीची शिष्यवृत्ती होती. केंद्रात आमच्या शाळेचं नाव यावं असं मला फार वाटायचं. परिसर अभ्यासाचा तास मी दार लावून घ्यायचे, बाहेरचा आवाज नको म्हणून! आत आम्ही 'आपल्या परिसरातील वनस्पती' हा सराव प्रश्न सोडवायचो आणि चिमी खिडकीतून बाहेर बघायची. एकदा मी तिची जागा बदलून तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं. तिला आठवत असेल की नाही माहीत नाही. मला आठवतं.

तर ती रडत होती आणि मला सुचत नव्हतं. धीर धर, सवय होईल, हे सगळं तिच्या आईने सांगून झालं होतं. मी आपलं बोलणं चालू ठेवायला विचारलं, जेवतेस का नीट? तर त्यावर मात्र ती पुष्कळ बोलली. पहिला आठवडा राजधानीच्या, म्हणजे सान होसेच्या जवळ एका कुटुंबात राहिली होती. तिथली भाषा स्पॅनिश. सकाळी नाश्त्याला भात आणि काळा घेवडा एकत्र परतलेला, त्याला म्हणतात गायो पिंतो. "बाई, आजी रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायची ना, तसंच." त्या घरी पत्ता सांगायची पद्धत म्हणजे चर्चपासून दोनशे मीटर दक्षिणेला, मग पन्नास मीटर पूर्वेला. म्हणजे आपल्याकडे पारावरून खाली उतरा आणि गिरणीच्या मागे या म्हणतात, त्यातलाच प्रकार. आणि एक गंमत, त्यांच्याकडेही तू आणि तुम्ही आहे, पण तिकडे लहान मुलांनासुद्धा बरेच जण तुम्हीच म्हणतात. घरातल्या बाई कुत्र्यालाही "आपण जरा बाजूला व्हा" म्हणायच्या. हे सांगताना ती रडता रडता हसली.

मग एकदम म्हणाली, "एक दिवस त्यांनी मला सरबत दिलं. ग्लास तोंडाशी नेला आणि बोंडूचा वास आला. बाई, आपल्या शाळेमागच्या बोंडूचा! मी तिथेच रडायला लागले. त्यांना वाटलं सरबत आवडलं नाही."

काजूला तिथे मारान्योन म्हणतात. आपण बी खातो आणि बोंडू बहुतेक टाकून देतो किंवा गोव्यात त्याची फेणी होते. तिथे बोंडूचं सरबत करून पितात. काजू मुळात दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणला. म्हणजे पोरीला परदेशात गावचा वास आला असं मला वाटलं, पण खरं तर परदेशातला वासच आपल्याकडे गावचा होऊन बसलाय.

हे मला त्या वेळी सुचलं नाही. त्या वेळी मी फक्त विचारलं, "तिथे लाजाळू आहे का गं?" आमच्या मैदानाच्या कडेला लाजाळूचं रान होतं. मधल्या सुट्टीत चिमी तिथे पालथी पडून एकेक पान मिटवत बसायची, घंटा झाली तरी उठायची नाही.

"माहीत नाही. बघितलं नाही."

"बघ उद्या. सापाचं राहू दे. सगळ्यांना दिसतं ते तुला दिसलंच पाहिजे असं कुणी सांगितलंय? आणि परत यायचं ते पुढच्या रविवारी ठरवू. विमानं काय रोज उडतात."

फोन ठेवला. काहीच धड सांगितलं नाही असं दिवसभर वाटत राहिलं. तिच्या आईला काय कळवू? "बोलले, बघू" एवढंच कळवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोषण आहाराचं वाटप चालू असताना फोटो आला. बूट आणि बुटाच्या शेजारी लाजाळू! खाली आवाजाचा मेसेज: "बाई, मिळालं! जेवणघराच्या मागे गवतात आहे. इथल्या स्वयंपाकाच्या मावशींना दाखवलं तर म्हणाल्या, ही दोर्मिलोना. म्हणजे झोपाळू! आपण म्हणतो लाजते, हे म्हणतात झोपते."

मी तो मेसेज वर्गात मोठ्याने लावला. झाड तेच, पण आपण तिला लाजवलं आणि त्यांनी झोपवलं. पोरांना हे इतकं आवडलं की मधल्या सुट्टीत मैदानावर दोन पार्ट्या पडल्या. एक मुलगी म्हणाली, "बाई, ती घाबरते." मला तिचं जास्त पटलं.

ती ज्या ठिकाणी होती त्याचं नाव ला सेल्वा. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थच जंगल. 1963 साली स्थापन झालेल्या उष्णकटिबंधीय अभ्यास संघटनेचं ते संशोधन केंद्र आहे, सारापिकी भागात नदीकाठी, सुमारे 1600 हेक्टर. जगभरातले अभ्यासक तिथे येऊन राहतात. नदीवर झुलता पूल आहे. तो ओलांडला की जंगल सुरू. चिमीने पुलाचा व्हिडिओ पाठवला, "बाई, हा बघा साकव!" असं ओरडत. पावसाळ्यात शाळेत येताना ती आजीचा हात धरून साकवावरून यायची. हा त्याच्यापेक्षा कितीतरी लांब आणि मजबूत, पण तिला साकवच दिसला.

पाऊस तिथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात. आपल्या रत्नागिरीत तीन हजारांच्या पुढे पडतो. आकडे बघितले तर फार लांबचे नाहीत. पण आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात उरकतो आणि मग आठ महिने रान वाळत जातं. तिथला पाऊस बाराही महिन्यांत वाटलेला. कोरडा म्हणावा असा महिनाच नाही. म्हणून झाडावर झाड, फांदीवर शेवाळ, शेवाळावर ऑर्किड, आणि चिमीचे मोजे दहा दिवस वाळले नव्हते. "कोकणात पाऊस येतो आणि जातो, इथे तो राहतोच" असं तिने लिहिलं. उष्ण कटिबंध म्हटलं की आपण फळ्यावर एक पट्टा रंगवतो आणि 'उष्ण व दमट हवामान' लिहून पुसून टाकतो. एका पट्ट्यात राहणाऱ्या दोन जागा इतक्या वेगळ्या असतात हे मी इतक्या वर्षांत एकदाही शिकवलं नव्हतं.

त्या आठवड्यात तिचे मेसेज वाढत गेले. पहिले सगळे "आपल्यासारखंच" असे होते. शिंजीर दिसला. धनेश दिसला. तिने वहीत तसंच लिहिलं आणि तिच्या सरांनी त्याखाली रेघ मारली. कारण तो शिंजीर नव्हता, गुंजन पक्षी होता, आणि गुंजन पक्षी अमेरिका खंडांच्या बाहेर जंगलात कुठेच नाहीत. धनेश म्हणून लिहिलेला निघाला टूकन. चोच तेवढीच मोठी, पण घराणं वेगळं. फुलातला मध खायचा म्हणून लांब चोच, फळं तोडायची म्हणून दांडगी चोच. काम सारखं म्हणून हत्यार सारखं. चिमीने मला समजावलं, मी तेच फळ्यावर शिंपी आणि चांभार दोघांच्या सुया काढून समजावलं.

मग मुंग्या. पानाचे तुकडे डोक्यावर छत्रीसारखे धरून रांगेने जाणाऱ्या. मी वर्गात विचारलं, या पानांचं काय करत असतील? एक म्हणाला खात असतील. दुसरा म्हणाला घर बांधत असतील, कारण आमच्या आंब्यावर हुमले पानं जोडून घर बांधतात. दोघंही चुकले आणि चिमीही आधी चुकली होती. त्या मुंग्या पानं जमिनीखाली नेतात, चावून त्यांचा लगदा करतात, त्यावर बुरशी वाढवतात आणि ती बुरशी खातात. शेती करतात हो! मला स्वतःला त्या रात्री झोप लागली नाही, एवढं ते डोक्यात राहिलं.

आणि मग एक मेसेज माझ्यावरच आला. "बाई, रागावू नका. तुम्ही आपल्या परिसरातील फुलं म्हणून चाफा लिहून दिला होता, देवळापुढचा पांढरा. तो आपला नाहीये. तो इकडचा आहे. शेजारच्या निकाराग्वाचं तर ते राष्ट्रीय फूल आहे. आणि लाजाळू, पपई, पेरू, सीताफळ, मिरची, हे सगळं अमेरिकेतून तिकडे आलंय. आणि इथे लोक कैरीला मीठ लावून खातात, ती मात्र आपल्याकडून आलीय!"

बरोबर होतं. देवचाफा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. सोनचाफा आशियातला, तो आपला म्हणता येतो. माझ्या वहीत दोन्ही एकाच यादीत होते आणि त्या यादीवर मी बारा वर्षं 'बरोबर' अशी खूण करत आलेय. राग कसला येणार? जिला मी भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं, ती माझा पेपर तपासत होती.

पालकांसाठी इथे एक सांगते. या सगळ्या दिवसांत चिमीची आई रोज विचारायची, सापांचं काय, बूट घालते का, काय शिकली. बुटांचं विचारणं रास्तच. तिथे विषारी साप आहेत. पण काय शिकली हे दहाव्या दिवशी विचारून काय मिळणार? पहिलीच्या मुलाला जूनमध्ये दप्तर काढायच्या आत "आज काय शिकवलं" विचारणारे पालक आपण सगळे बघतो. मीही माझ्या लेकाला विचारते. पोर मग काहीतरी सांगून मोकळं होतं.

सापाची गोष्ट राहिली. तिसऱ्या रविवारी चिमीचा कॉल आला. आवाज नेहमीचा. "बाई, मी सांगून टाकलं. सरांना. म्हटलं, मला दिसत नाहीये, आणि आधीही कधी दिसला नव्हता."

"मग?"

"ते काहीच बोलले नाहीत. मला ओढून त्यांच्या जागेवर उभं केलं. मी त्यांच्यापेक्षा बुटकी ना, तर म्हणाले टाचा उंच कर. आणि बाई, होता! फांदीला चिकटलेला, शेवाळासारखाच रंग, डोळ्यांवर पापण्यांसारखे खवले. इतका वेळ मी त्याच्याकडेच बघत होते. मी 'दिसला' म्हटलं तर मागून दोघं म्हणाले, आम्हालाही नाही दिसला, आम्हालाही दाखव."

बर्फातून आलेली ती दोघं तीन आठवडे "वॉव" करत होती!

सोमवारी मी वर्गात प्रकाशसंश्लेषणाचं सोपं रूप घेतलं, पानं अन्न तयार करतात एवढंच. शेवटी सवयीने तोंडातून निघालं, "समजलं का?" आणि "होऽऽऽ" आलं. मी म्हटलं, ज्याला नाही समजलं त्याने हात वर करा, त्याला मी माझ्या खुर्चीवर बसवणार आहे. कुणीच हात वर केला नाही. पाच मिनिटं नुसती शांतता. मग शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने अर्धवट हात वर केला, कोपरातून दुमडलेला, कानामागे खाजवल्यासारखा. तो खुर्चीवर येऊन बसला, पाय लोंबकळत होते. म्हणाला, "बाई, पान अन्न करतं तर मग ते आपल्याला दिसत का नाही?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. आम्ही बाहेर गेलो. दार उघडंच ठेवलं.

चिमीने परत यायचा विषय पुन्हा काढलेला नाही. तिने काढला नाही म्हणून मीही काढत नाही. परवा तिने एका बेडकीचा फोटो पाठवलाय. लाल अंग, निळे पाय, अगदी जीन्स घातल्यासारखी, अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान. ही आई आपली पिल्लं एकेक करून पाठीवर घेते आणि झाडावर चढून पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यात नेऊन सोडते. खाली चिमीने विचारलंय, "बाई, वर्गात विचारा, ती परत कशाला येत असेल?" वर्गातली उत्तरं मी वहीत लिहून ठेवली आहेत, अजून तिला पाठवायची आहेत. शेवटच्या बाकावरचा म्हणतो, "डबा द्यायला."